उत्तरेचा बांध

१४ फेब्रुवारी १९३७

लिहिण्याची मला आवड नाही. काल आबकारीच्या जमादाराने लिहायला भाग पाडले.

नाल्याकाठची शिंदीची दोन झाडे मी मंगळवारी तोडून घेतली. वनस्पतिशास्त्राची पुस्तके मी पुष्कळ वाचली आहेत. पण या राज्यात शिंदी सरकारी खात्यात मोजलेली असते, मग जमीन कोणाची का असेना, हे एकाही पुस्तकात नव्हते. जमादार सभ्य माणूस. त्याने तीनच गोष्टी विचारल्या. कधी तोडली, कोणी तोडली, आणखी काय काय तोडले? तिन्हींना मी "साधारण" म्हणून उत्तर दिले. सव्वीस वर्षे शाळेत ज्या शब्दावर मी मुलींना ओरडत आले, तोच शब्द. लेखी माफीवर सुटका झाली. यापुढे या मळ्यातली एक काडी जरी हलली तरी तारखेसह इथे लिहिली जाईल.

मळा माझ्या थोरल्या भावाचा, भुजंगाचा. वाटूरपासून दीड कोसावर. सहा एकर, एक विहीर, दोन खोल्यांचे घर. भुजंग जानेवारीत गेला. शेवटची तीन वर्षे तो अंथरुणावर होता आणि तेवढ्या काळात बाभूळ, बोराटी, तरवड, घाणेरी यांनी निम्मे रान गिळले. आता जमीन माझी आहे. अमरावतीला मुलींच्या वसतिगृहाची देखरेख १५ जूनपासून माझ्याकडे यायची आहे. त्याआधी रान साफ करायचे आणि शेजारचे रामराव बटईने, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, घ्यायला तयार आहेत, त्यांच्या ताब्यात द्यायचे. चार महिने पुष्कळ झाले.

हाताशी दोन माणसे. कडूबा, कुऱ्हाड चांगली चालवतो. आणि गोजराबाई, विधवा, पन्नाशीच्या आत, मळ्याच्या खालच्या अंगाला झोपडीत राहते. भुजंगाकडे अठरा वर्षे कामाला होती.

१६ फेब्रुवारी

सबंध रान पायाखाली घातले. जे झाड ठेवायचे त्याला चुन्याचे कडे. कडे नाही ते तोडायचे. नियम एवढाच, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही पाळता येईल असा.

ठेवलेली: निंब चार, आंबा एक, सरळ खोडाच्या बाभळी अकरा, बोरी नऊ (या बुंध्याशी कापून पावसाळ्यात त्यांवर चांगल्या बोराचे डोळे बांधता येतील), नाल्याकाठचा तरवड, कारण तो माती धरतो.

विहिरीजवळ मेंदीचे झुडूप आहे. निरुपयोगी. काढायला सांगितले. गोजराबाई म्हणाली, "कुंपनाला बरी असती, बाई." घराचे कुंपण तिथून साठ पावले लांब आहे.

मोठ्या निंबाखाली बसायला दोन सपाट दगड मांडलेले आहेत, समोरासमोर. वहिनी १९१८ च्या मानमोडीच्या साथीत गेली, त्यानंतर भुजंग एकटाच होता. दुसरा दगड येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी असावा.

२० फेब्रुवारी

बाभळी तोडायला सुरुवात. गोजराबाई कुऱ्हाडीला हात लावीना.

"उजेडाचा पाख हाय, बाई. आत्ता तोडलेल्या लाकडाला कीड लागती. अंधाऱ्या पाखात तोडू."

"चंद्राचा आणि किड्याचा काय संबंध?"

"त्यो त्येंनाच ठाव."

कडूबा हसला. मी म्हटले, दोन ढीग करू. हा ढीग शुक्ल पक्षातला, पुढचा कृष्ण पक्षातला. वेगवेगळे रचू आणि पाहू. प्रयोगाला उत्तर प्रयोगाने. तिला हे पटलेले दिसले. निदान ती गप्प बसली.

२५ फेब्रुवारी

आज उत्तरेचा बांध. हे सर्वांत अवघड काम. पलीकडे रामरावांचे शेत, मध्ये पुरुषभर उंचीचा शेराचा पट्टा. शेर तोडला की पांढरा चीक उडतो आणि डोळ्यांत गेला तर दोन दिवस दिसत नाही. कडूबाने आणि त्याने आणलेल्या चार गड्यांनी तोंडाला फडकी बांधून संध्याकाळपर्यंत अर्धा पट्टा आडवा केला.

झुडपांच्या पोटात एक घडीव दगड सापडला. चौकोनी, हातभर लांब, उत्तम. घराच्या दाराशी पायरी नाही. चढताना माझा गुडघा रोज कुरकुरतो. दगड काढून आणवला आणि दारापुढे बसवला. एका अंगाला कसली तरी फुली कोरलेली आहे, ती बाजू खाली घातली. गोजराबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, त्यो जाग्यावर बरा हाय."

मी म्हटले, जागेवर तो कोणाच्या उपयोगाचा?

पायरी छान झाली. आता तिच्यावरच बसून लिहिते आहे.

३ मार्च

उत्तरेचा बांध संपूर्ण साफ. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर जाते, आखलेल्या वहीच्या पानासारखी. समाधान वाटले. रामराव आपल्या बाजूला उभे राहून पाहत होते. म्हणाले, "आक्का, अशी सफाई तर आमच्या हयातीत कुणी केली न्हाई!"

फक्त मध्यभागी एक हिवर तेवढे राहिले आहे. मनगटाएवढ्या खोडाचे, काटेरी, वाकडे. उद्या तोडायचे.

गोजराबाई दोनदा काही सांगायला आली. मी म्हटले, काम संपल्यावर बोलू.

९ मार्च

हिवर अजून उभे. कडूबाला विचारले.

"कुऱ्हाडीला धार न्हाई, बाई."

"कालच लावलीस ना?"

"ती त्या बाभळीवर गेली."

स्वतः जाऊन पाहिले. झाडाला चुन्याचे कडे आहे. मी केलेले नाही. गोजराबाईला बोलावले. ती जमिनीकडे पाहून म्हणाली, "चुना उरल्ता."

मी चांगलीच रागावले. पण कडे असलेले झाड तोडायचे नाही, हा माझाच नियम. पहिल्याच महिन्यात मीच तो मोडला तर उद्या कोणी पाळणार नाही. हिवर राहिले. तिच्या हट्टामुळे नव्हे, नियमामुळे. नोंद असावी.

२७ मार्च

रामराव आले होते. बटई ठरली, मृग लागला की जमीन त्यांच्याकडे. माणूस हसरा, कामाला वाघ. जाताना म्हणाले, "ते खालचं झोपडं तेवढं काढून टाका, आक्का. नव्या कारभारात जुनी मानसं अडचन करत्यात."

म्हणणे रास्त वाटले. कामच राहणार नाही तर कामकऱ्याने तिथे राहण्याचे कारण काय? गोजराबाईला मी स्पष्ट सांगितले की जूनपर्यंत दुसरी सोय पाहावी. कुंभार पिंपळगावला तिची चुलत बहीण आहे म्हणे.

ती म्हणाली, "बरं."

अशा प्रसंगी बायका रडतात, गाऱ्हाणी सांगतात. हिने काही केले नाही. घागर घेऊन विहिरीवर गेली आणि मेंदीला पाणी घातले. ती मेंदी काढायची अजून राहिलीच आहे.

१२ एप्रिल

लाकडाचे दोन्ही ढीग तपासले. पहिल्यात, शुक्ल पक्षातल्या, टाचणीएवढी भोके पडली आहेत आणि खाली पिठासारखा भुसा. दुसरा स्वच्छ.

दोन ढिगांवरून सिद्धांत होत नाही. तरी पण उरलेल्या बोराटीला पौर्णिमेनंतर हात लावायचा, असे कडूबाला सांगितले. तो पुन्हा हसला. त्याला हसण्याचे कारण नव्हते.

२० एप्रिल

तीन दिवस परतूरला होते. डोळे बांधायचा चाकू घेतला, अमरावतीच्या गाडीची चौकशी केली. आज दुपारी परतले आणि पाहते तो रामरावांचा नांगर उत्तरेच्या बांधावरून आत आलेला. नऊ हात आत. माझी विहीर बांधापासून सात हातांवर. तिला वळसा घालून नांगरट पुढे गेली आहे. म्हणजे आता विहीर त्यांच्या शेतात.

तशीच त्यांच्या गोठ्यावर गेले.

"रामराव, हे काय?"

"काय आक्का?"

"माझ्या विहिरीपलीकडे नांगर घातलात."

"बांध तिथंच हाय की. जुनी मानसं सांगत्यात. तुमचा भाऊ सज्जन मानूस, पर त्येनं शेराआड आमचं लई रान दाबल्तं."

"बटईने तुम्हीच करणार होता. मग बांध सरकवायची गरज काय?"

यावर ते नुसते हसले. चालत घरी येईपर्यंत उत्तर माझे मलाच सुचले. बटई वर्षाची असते, बांध कायमचा असतो. मी जूनमध्ये अमरावतीला गेले की विचारायला कोण येणार?

मी निघताना ते म्हणाले होते, "न्हाई पटत तर हद्दीचा दगड दाखवा. सरकारनं गाडलेला दगड असतोय तिथं."

बटई मोडली. हे मी त्यांना तिथेच सांगितले.

२१ एप्रिल

बांधावर तीन फेऱ्या घातल्या. दगड कुठेच नाही. शेर होता तोवर हद्द दिसत होती, ती मीच काढून टाकली, एवढे कबूल. पण दगड? दगडाला पाय नसतात. मी परतूरला असताना रामरावांनीच तो उचलला, याविषयी मला शंका नाही.

पायरीवर बसून दोन अर्ज लिहिले. एक मोजणीचा. दुसरा, रामरावांनी हद्दीचा दगड चोरल्याचा, त्यांचे नाव घालून. अक्षर नीट आले आहे.

गोजराबाई समोर उभी होती. माझ्याकडे नव्हे, माझ्या पायांकडे पाहत होती. "बाई," म्हणाली, आणि तेवढ्यात पटवारी अर्ज न्यायला आले. संध्याकाळी विचारले तर म्हणाली, "काय न्हाई."

६ मे

मोजणी १८ तारखेला. पटवारी सांगतात की नकाशा जुना, घडीवर फाटलेला. पूर्वेचा दगड नाल्याने कधीच नेला. साखळी धरायला एक तरी पक्की खूण लागेल. ती नसेल तर आजची वहिवाट पाहिली जाईल, आणि आज तिथे रामरावांची नांगरट आहे.

विहीर गेली तर हे सहा एकर नुसते माळरान. बोरी जगणार नाहीत. मी तोडलेले आणि मी ठेवलेले, दोन्ही फुकट.

साक्षीचे विचारायला म्हणून आज प्रथमच गोजराबाईच्या झोपडीत गेले. सारवलेली, नीटनेटकी. फळीवर भुजंगाचा चष्मा. कोपऱ्यात त्याच्या वहाणा, तेल लावून मऊ ठेवलेल्या. तीन वर्षे पाय जमिनीला न लागलेल्या माणसाच्या वहाणांना तेल! मालकाची वस्तू टाकवत नाही असे प्रामाणिक नोकर आता मिळत नाहीत.

"मोजणीला येशील? हद्द कुठे होती ते सांगशील?"

ती बराच वेळ चूल फुंकत राहिली. "मला नगा मधी घेऊ, बाई. रामराव चारचौघांत काय बी बोलल."

"खोटे बोलेल तर मी आहे."

"खोटं न्हाई बोलायचा," ती म्हणाली. "म्हनून तर."

मला ही वाक्ये समजत नाहीत. भित्री आहे, एवढे समजले. मी जोर केला नाही.

१८ मे

सविस्तर लिहिते. आजचे "साधारण" चालणार नाही.

मोजणीचे अमीनसाहेब आठ वाजता आले. सोबत साखळी धरणारे दोघे, पटवारी. रामराव चार माणसे घेऊन. मी सर्वांना चहा दिला. अमीनसाहेब दाराशी बसले, कप खाली ठेवला आणि पायरीवर बोट फिरवून म्हणाले, "बाईसाहेब, हा पत्थर कुठला?"

"माझ्याच रानातला. झुडपात सापडला."

"जरा उलटवा."

कडूबाने आणि दुसऱ्या एकाने पहार लावली. खालच्या अंगाला फुली. अमीनसाहेबांनी माती पुसली. "सरकारी निशाण. हद्दीचा पत्थर हाच."

 मग रामराव एवढ्या मोठ्याने हसले की झाडावरची पाखरे उडाली. "आक्का, चोर सापडला म्हना की! अन् रोज त्याच्यावरच बसून अर्ज लिहीत व्हता!"

मी उभीच राहिले. शाळेत एखादी मुलगी चुकली की मी तिला उभी करीत असे. उभे राहिल्यावर हातांचे काय करायचे असते, हे मला आज कळले नाही.

अमीनसाहेब म्हणाले, "उखडलेल्या पत्थराची किंमत काही नाही. तो होता कुठे, ते बोला."

मी बांधाकडे पाहिले. आखलेले पान. त्यावर मीच काही शिल्लक ठेवले नव्हते. कडूबा डोके खाजवत म्हणाला, "तोंडाला फडकं व्हतं, साहेब. हितंच कुठंतरी."

"कुठंतरीला नकाशा नसतो, बाबा," रामराव म्हणाले. "मांडा साहेब वहिवाट, जल्दी मिटवा."

गोजराबाई विहिरीशी घागर घेऊन उभी होती. तिने घागर खाली ठेवली आणि आली. सरळ हिवरापाशी गेली.

"हितून दोन हात मावळतीला. खाली कोळसा हाय."

"तुला कसे माहीत?" अमीनसाहेब.

"दगड कलल्ता एकदा. मालकानं पुन्यांदा बसवला. बुडाशी कोळसा घालत्यात, दगड गेला तरी त्यो कुजत न्हाई, म्हनून. माझ्याच चुलीतला कोळसा, मीच पाटीत आनल्ता. झुडपात दगड मला घावंना, तवा खुनेला म्हनून हे हिवर लावलं."

"अन् मालक चुलीपाशी कवापस्तोर बसायचे, ते बी सांग," रामराव म्हणाले. "साहेबांना कळू दे साक्षीदार कोन हाय. हिला मळ्यातलं सगळंच ठाऊक. दिसाचं बी अन् रातीचं बी."

त्यांची माणसे खाली पाहू लागली. मी म्हणाले, "रात्रीसुद्धा राखण केली असेल तर तिची साक्ष जास्तच पक्की आहे." यावर पटवारी उगाचच खोकले.

अमीनसाहेबांनी दौत उघडली. "नाव सांग. मालकाची तू कोण?"

तिने पदर नीट केला. मग रामरावांकडे पाहून म्हणाली, अगदी सावकाश, "अठरा वर्सं त्येंची भाकर मी केली."

"म्हणजे कोण?"

मला ही उलटतपासणी आवडली नाही. मी म्हटले, "साहेब, तिने उत्तर दिले आहे. तेच शब्द लिहा. अठरा वर्षे. भाकरी."

त्यांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि लिहिले. पुढे काही विचारले नाही.

खणले. हातभर खाली माती काळी झाली, आणि मग कोळसाच लागला, ओंजळभर, काल टाकल्यासारखा. तिथून साखळी धरली. विहीर माझ्या हद्दीत सात हात आत.

अमीनसाहेब उठताना म्हणाले, "झाड ठेवणारीने जमीन ठेवली, बाईसाहेब."

झाड मी तोडणार होते. चुना उरला होता, म्हणून राहिले.

१९ मे

दगड परत जागेवर बसवला. तळाशी तोच कोळसा, वर थोडा नवा, माझ्या चुलीतला.

रामरावांच्या गोठ्यावर जाऊन माफीचा कागद त्यांच्या हाती दिला. मी त्यांना चोर म्हटले होते आणि ते चोर नव्हते. दगडाच्या बाबतीत तरी. त्यांनी कागद कपाळाला लावला. "आक्का, ह्यो मी चौकट करून लावतो. मास्तरीनबाईची चूक रोज रोज कुठं घावती?" नऊ हात नांगरट ते आपल्या खर्चाने सारखी करून देणार आहेत.

परत येताना मी गोजराबाईला विचारले, दगडावर बसून मी अर्ज लिहीत होते तेव्हाच का नाही सांगितलेस?

"तुमी म्हनल्या व्हत्या, काम संपल्यावर बोलू."

खरे आहे. २५ फेब्रुवारी आणि ३ मार्च, दोन्ही नोंदी पुन्हा वाचल्या. दोन्ही माझ्याच अक्षरात आहेत. दोन्ही शेरा मारण्याजोग्या आहेत.

३० मे

अमरावतीला जाणारच आहे. शब्द दिला आहे, आणि ते काम मला येते. हे काम तिला येते. रानाचे काय करायचे यावर दहा दिवस विचार केला. खरे तर पाच मिनिटांचा विचार होता. झुडपाखाली काय आहे हे ज्याला माहीत, रान त्याच्या हाती असावे. बाकीचे लोक, मी धरून, फक्त सफाई करतात.

तिला सांगितले. ती मोठ्या निंबाखाली दगडावर बसली होती. दुसरा दगड मोकळा होता म्हणून मी त्यावर बसणार, तोच तिने एकदम हात पुढे केला. मग मागे घेतला. "बसा," म्हणाली.

मी बसले. तिथून विहीर, मेंदी, हिवर एका रेषेत दिसतात. बसायची जागा विचार करून निवडलेली आहे.

१३ जून, जाण्याचा आदला दिवस

आज पटवाऱ्यासमोर गोजराबाईला तिच्या हयातीपर्यंत दिलेल्या ताब्याचा तपशील. साक्षीदार कडूबा (अंगठा) आणि रामराव (सही). रामराव सही करताना म्हणाले, "करतो आक्का. पन ते हिवर माझ्या रानावर सावली टाकतंय, एवढं लिहून ठेवा." लिहून ठेवले.

जमीन सहा एकर, मोजलेली.

विहीर एक, उत्तरेच्या बांधापासून सात हात आत.

निंब चार. आंबा एक. बाभळी अकरा. बोरी नऊ, बुंध्याशी कापलेल्या, नवे फुटवे आलेले. डोळे श्रावणात बांधावेत, कसे ते तिला दोनदा करून दाखवले, दुसऱ्या वेळी तिचे माझ्यापेक्षा चांगले झाले.

शिंदी, उरलेली पाच. सरकारची. हात लावू नये.

लाकडाचे ढीग दोन. पहिला आधी जाळावा.

कुऱ्हाड एक, कोयते दोन, चाकू एक, चुन्याचे मडके अर्धे.

हिवर एक, उत्तरेच्या बांधावर.

घराची किल्ली. दाराला पायरी नाही, उतरताना जपावे.

मेंदीचे झुडूप एक. काढायचे राहिले होते. काढू नये.

निंबाखालचे बसायचे दगड दोन. दोन्ही ठेवावेत.

भुजंगाच्या वहाणा, एक जोड, आणि चष्मा. हे आधीपासून तिच्याकडेच होते. देण्याचा मला अधिकार नाही, म्हणून यादीत धरले नाही.